शेल्यातली झोप

माधवगंज, ग्वाल्हेर
६ नोव्हेंबर

गरिमा,

वर 'चि.' लिहिलं होतं, ते खोडलं. दुसरा कागद घेता आला असता, पण खोडलेलं तुला दिसावं म्हणून हाच ठेवला.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस. परवा शेजारच्या काकूंच्या फोनवरून केला, तर माझा 'हॅलो' ऐकताच कापलास. म्हणून तुझ्या पुण्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहितेय. तिथली रिसेप्शनवरची मुलगी आधी उघडून वाचेल. वाचू दे. बाळांच्या झोपेच्या आपल्या कामाला 'निवांत' हे नाव ज्या दोघी बहिणींनी मिळून ठेवलं, त्यातल्या एकीला आता ते नाव घेतल्यावर चूळ भरावीशी वाटते, हे तिलाही कळू दे.

सौरवला मुलगा झाला. आपला भाऊ बाप झाला ही बातमी तुला पुण्यात बसून तासाभरात कळली असणार. मी याच गावात, त्यांच्या जयेंद्रगंजातल्या घरी पायी जाता येईल इतकी जवळ, आणि मला दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने सांगितलं. "दीदी, भतीजे की मिठाई नहीं खिलाओगी?"

काल पाचवी होती. सटवाईच्या पूजेला आत्या लागते, म्हणून आईने निरोप पाठवला. गेले. दारातच नाकाला झिणझिण्या आल्या. डांबराच्या गोळ्यांचा वास. मला वाटलं थंडी आली, गाद्या-रजया बाहेर काढल्या असतील. आत जाऊन बघते तर तो वास पाळण्यातून येत होता. पणजोबा तुकोजींचा दरबारी शेला! ज्याला आपण तिघं भावंडं लहानपणी बोटही लावू शकलो नाही, तो चंदेरी शेला ट्रंकेतून काढला तसा पोराभोवती गच्च आवळून गुंडाळलेला. धुतलाही नव्हता, धुतला तर जरतार काळी पडते म्हणे. मी नाकाला पदर लावला तर आई फुलून सांगते, "गरिमानेच सांगितलं न. तिकडे याची फार चलती आहे. वारसा-लपेट म्हणतात. बघ कसा गाढ झोपला आहे!"

वारसा-लपेट. हे शब्द तुझ्या तोंडून बाहेर पडताना जीभ अडखळली नाही का ग?

बरं, पोर झोपलं होतं हे खरं. मी तीन-चार तास होते तिथे. पाटा-वरवंटा पुजला, बायका आल्या, गेल्या, घुगऱ्या वाटल्या, कुणीतरी ताटली पाडली, आणि ते एकदाही रडलं नाही. श्रुतीचा ब्लाऊज दुधाने भिजला होता. ती पोराकडे बघायची आणि मग फोनकडे बघायची. फोनवर तुझं ते ॲप, बाळाला कधी उठवायचं त्याची वेळ दाखवणारं. मी म्हटलं, "अग, घे त्याला." तर म्हणते, "ताई, अभी विंडो नहीं खुली है. गरिमादीदी म्हणाल्या झोप मोडायची नाही, बीच में उठाया तो सायकल बिगड़ जाती है."

पाच दिवसाच्या पोराची सायकल! त्याचं पोट लिंबाएवढं. त्याने दोन-तीन तासांनी उठायलाच हवं, ओरडायला हवं, घर डोक्यावर घ्यायला हवं. ही गोष्ट मी तुला शिकवली होती. वॉर्डात बारा वर्षं नवजात पोरं सांभाळून मी आले, तेव्हा तुझ्याकडे फक्त बोलण्याची कला होती. आपण घराघरांत जाऊन काय शिकवायचं ठरवलं होतं? उजेड-अंधार बाळाला हळूहळू कळू द्यायचा, ते दमलं की कसं दिसतं ते आईला ओळखायला शिकवायचं, तिला दोन तास आडवं होऊ द्यायचं. हळुवार म्हणजे बाळाच्या चालीने. आणि तू पोस्टरवर काय छापलंस? 'पहिल्या आठवड्यापासून सलग झोप.' त्या दिवशी मी तुला लोकांसमोर म्हटलं की तुझी लाज वाटते. आज लाज नाही वाटत. आज शिसारी येते.

मी आईला म्हटलं, पोराला उठवा, पाजा, आणि हा वासाचा चिंधा काढा. शिवाय त्याला हळद-साय चोळून चोळून इतकं पिवळं केलंय की खाली रंग कुठला आहे तेच दिसत नाही. सौरव आतून आला. "ताई यार, प्लीज. तू प्रत्येक गोष्टीत काहीतरी काढते. घुगऱ्या पण तुला कच्च्या लागल्या न?" हो, लागल्या, कारण कच्च्याच होत्या. आणि आई सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "तुला नाही झालं, म्हणून तुला दुसऱ्याचं बघवत नाही. इथे आत्या म्हणून यायचं असेल तर ये, नर्स म्हणून नको येऊ."

मी चपला घातल्या आणि निघाले.

या घरात माझं कुणी ऐकत नाही, तुझं ऐकतात. एक फोन कर आणि सांग, पोराला उठवून पाजा. तुझ्या नावावर सांग, तुझ्या ॲपमध्ये काहीतरी नवीन नाव देऊन सांग, मला चालेल. एवढ्यासाठीच हे पत्र आहे. बाकी सगळं तोंडाला आलं म्हणून लिहिलं.

सीमंतिनी


९ नोव्हेंबर

गरिमा,

पहिलं पत्र तुला आज मिळालं असेल किंवा कचऱ्यात गेलं असेल.

तुझी पोस्ट बघितली. मला तू दिसू देत नाहीस, पण खासगी बाजार मोहल्ल्यातली माझी एक बाळंतीण तुला फॉलो करते, तिने मोठ्या कौतुकाने दाखवली. आपला भाचा तुकोजींच्या शेल्यात, डोळे मिटलेले, गाल गुलाबी, खाली 'वारशाच्या कुशीत निवांत'. पाचवीच्या दुसऱ्या दिवशी फोटोवाला बोलावला होता म्हणे. त्याने खोलीत दोन हीटर लावून पोराला हातापायाची घडी घालून टोपलीत ठेवलं. एवढ्याशा जिवाला घडी घालतात! भाजी ठेवायची टोपली ती.

मात्र खरं सांगते, पोर गुलाबी दिसलं म्हणून जिवाला जरा स्वस्थताही वाटली. पाचवीला दिव्याच्या उजेडात ते मला फारच पिवळं वाटलं होतं. म्हणजे आईची हळदच होती ती. तिने आपल्यालाही अशीच थापली होती, बालवाडीच्या फोटोत तू उकडलेल्या बटाट्याच्या भाजीसारखी दिसतेस. तेव्हा ती काळजी सोडली. तुझ्या फोटोचा एवढा तरी उपयोग झाला.

ज्या घरी फोटो बघितला, त्या घराची गंमत सांगते. बाप संग्रामसिंह, सहा फुटी गडी, जिममध्ये जाऊन दंड फुगवलेले, आणि पोराला असा धरतो की जणू कलिंगड आहे आणि फुटलं तर दुकानदार ओरडेल. मी म्हटलं, भाऊसाहेब, खांद्यावर घ्या, पाठ थोपटा, ढेकर येऊ द्या. पोराने ढेकर दिली आणि सोबत त्याच्या शर्टावर दूधही. तो मला विचारतो, "मॅडम, ये ठीक है न? कुछ गड़बड़ तो नहीं?" मी म्हटलं, एकदम ठीक. मग तो शर्टावरचं दूध न पुसता तसाच बसून राहिला, कारण पोराला त्याच्या खांद्यावर झोप लागली होती. याला हळुवार म्हणतात. यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, शर्टाला वास येतो.

जयेंद्रगंजात मला बारशापर्यंत बोलावणं नाही. तू फोन केलास का, तेही मला कळायला मार्ग नाही.

सीमंतिनी


१२ नोव्हेंबर
दवाखान्यातून

गरिमा,

सौरव म्हणतो त्याने तुला कळवलंय आणि तू 'प्रेइंग' असं लिहून हात जोडलेलं चित्र पाठवलंस. मग आता सगळं नीट वाच. रिसेप्शनवरच्या मुलीला वाचू देऊ नको, स्वतः वाच.

काल सकाळी श्रुतीचा फोन आला. न्हाणीघरात नळ सोडून बोलत होती, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. "ताई, हा उठतच नाही आहे. मी विंडो में उठाया, तरी पीतच नाही. तोंडात धरतो आणि सोडून देतो. आई म्हणतात शहाणं बाळ आहे. ताई, कोई बच्चा इतना शहाणा होता है क्या?"

मी जशी होते तशी रिक्षात बसले. आईने दार उघडलं आणि तिचं सुरू झालं, बारसं अजून आहे, बोलावलं नव्हतं. मी तिला बाजूला सारलं. पोर शेल्यात होतं. सोडवलं तर हातपाय तसेच पडले, ओढून धरण्याची ताकदच नव्हती. पायाच्या तळव्याला टिचकी मारली. तोंड वाकडं केलं, पण आवाज नाही.

मी श्रुतीला म्हटलं, कोमट पाणी आण. साधं. हळद नको, साय नको, बेसन नको. पाटावर पाय पसरून बसले आणि त्याला मांडीवर घेतलं. पहिल्या तांब्याला पाणी पिवळं उतरलं. दुसऱ्याला जरा कमी. पुढे नितळ पाणी वाहायला लागलं आणि पोर होतं तसंच पिवळं राहिलं. छाती पिवळी, पोट पिवळं, तळवे पिवळे. पापणी वर केली, तर डोळा हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा.

आई डोक्यावर उभी होती. "मुरलं आहे ग ते उटणं. असं धुऊन नाही जात." आणि सौरव, शिकलेला, बँकेतला माणूस, मला म्हणतो, "पण ताई, फोटोत तर पिंक होता न!"

दोन दिवसांपूर्वी मीही हेच म्हटलं होतं. तो फोटो बघून मीही काळजी सोडली होती.

श्रुतीने कुणाला विचारलं नाही. माझ्या मांडीवरचं ओलं पोर उचललं, स्वतःच्या ओढणीत घेतलं आणि जिना उतरली. एका पायात चप्पल होती. सौरव गाडीची किल्ली शोधत मागे धावला.

दवाखान्यात रक्त तपासलं आणि डॉक्टरीणबाईंचा चेहराच बदलला. लगेच निळ्या दिव्यांखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून. म्हणाल्या, काविळीचा आकडा उतरला नाही तर अंगातलं रक्त बदलावं लागेल. कावीळ डोक्यात चढली असेल तर काय काय जाऊ शकतं तेही त्यांनी सांगितलं. मान धरणं, चालणं, ऐकणं. श्रुती खाली फरशीवर बसली. मग बाईंनी नाक जरा वर केलं, ओढणीचा वास घेतला आणि विचारलं, "कपड़े कहाँ रखे थे? फिनाइल की गोलियों वाले बक्से में?"

हे मी शिकलेय ग! काही मुलांच्या रक्तात एक उणीव असते. एरवी ती कळतही नाही, पण डांबराच्या गोळ्यांचा वास अंगाला लागला की त्यांचं रक्त आतल्या आत फुटायला लागतं, त्यातून ही कावीळ. वर्गात लिहून घेतलं होतं, वॉर्डात कधी बघितलं नव्हतं. आणि पाचवीला तो वास माझ्या नाकात गेला होता. मी काय केलं? नाक मुरडलं. मला सगळ्याचाच तिटकारा आला होता ना, शेल्याचा, ॲपचा, घुगऱ्यांचा. त्या सगळ्या तिटकाऱ्यात जो एक खरा होता तो मला वेगळा काढता आला नाही. आणि मी इतक्या गोष्टींवर ओरडले होते की आणखी एकीवर ओरडले असते तरी कुणी ऐकलं नसतं.

ते माझं. आता तुझं.

बाईंनी विचारलं, पिवळं कधीपासून दिसत होतं? सौरव फोटो शोधायला लागला. फोटोवाल्याने ग्रुपवर आधी मूळ फोटो टाकले होते. त्यात पोर स्पष्ट पिवळं आहे, गरिमा. हळद-साय त्या दिवशी फोटोसाठी लावलीच नव्हती, आईनेच कबूल केलं, चिकट दिसेल म्हणून. आणि खाली तुझा निरोप. सौरवने मला वाचून दाखवला. 'भैया, स्किन टोन थोड़ा पिंक कर दो, आई की हल्दी दिख रही है.'

तू बघितलं होतंस. सगळ्यांच्या आधी तू बघितलं होतंस, दिवसाढवळ्या, मोठ्या पडद्यावर. तुला वाटलं हळद असेल. मला पण वाटलं, मान्य. पण मला वाटलं तेव्हा मी तुला पत्र लिहीत होते. तुला वाटलं तेव्हा तू रंग बदलून घेतलास.

तुझ्याबद्दल राग असता तर बरं झालं असतं. रागात माणूस जवळ असतं. मला तुझी किळस आली आहे. वरणात केस निघाला की अख्खं ताट लोटावंसं वाटतं, तशी. आपलं बालपणही लोटावंसं वाटतंय.

आत त्याला पट्टी बांधून ठेवलंय. अजून रडला नाही.

सीमंतिनी


१५ नोव्हेंबर

गरिमा,

रक्त बदलावं लागलं नाही. आकडा उतरतोय. काल दुपारी सुई टोचताना तो रडला. बारीकसा, मांजरीच्या पिल्लाएवढा आवाज. श्रुती हसत हसत रडायला लागली आणि नर्सला म्हणाली, "सिस्टर, एक बार और रुलाओ न."

तुझं पार्सल आलं. पत्र नाही, फोन नाही, पार्सल. मऊ कापडाचा झबला आणि त्याच्यावर इंग्रजीत लिहिलंय, झोपेचा चॅम्पियन. कुणीतरी तुझ्या ऑफिसातून यादीप्रमाणे पाठवलं असेल, तू बघितलंही नसशील, असं मी श्रुतीला सांगितलं. तुझी बाजू घ्यायची माझी ही शेवटची वेळ. श्रुतीने त्या झबल्याने स्टुलावर सांडलेला चहा पुसला.

आणि आईचं ऐक. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की रक्तातली ही उणीव मुलाला आईच्या बाजूने येते, यात कुणाचा दोष नाही, फक्त पुढे जपायचं. आईने त्यातला पहिला अर्धाच ऐकला. तेव्हापासून फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगतेय, "तिच्या माहेरचं निघालं न सगळं. आमच्याकडे असं काही नव्हतं." शेल्याचं नाव नाही. ट्रंकेचं नाव नाही. श्रुती तीन हातांवर बसून हे ऐकत होती, छातीला दूध काढायचा पंप लावून. मी आईच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. उभ्या आयुष्यात मी असं कधी केलं नव्हतं.

तो फोटो अजून तुझ्या पानावर आहे. लोक त्यावर बदाम टाकताहेत. एका बाईने विचारलंय, माझं पण बाळ असं झोपेल का? आणि तू उत्तर दिलंयस, नक्की, आम्हाला मेसेज करा.

काढ तो फोटो. त्या बाईचं पोर कुठल्या ट्रंकेतल्या कशात गुंडाळलेलं आहे, तुला माहीत नाही.

सीमंतिनी


माधवगंज
१० डिसेंबर

चि. गरिमा,

या वेळी 'चि.' खोडलेलं नाही. तू खूप जगावंस, आणि हे बघत जगावंस.

काल बारसं झालं. बाराव्याला तो दिव्यांखाली होता, म्हणून सव्वा महिन्यावर नेलं. आईला नाव तुकोजी ठेवायचं होतं. श्रुतीने पहिल्यांदाच तोंड उघडलं, "ज्यांच्या शेल्याने हे झालं त्यांचं नाव मी घरात रोज नाही घेणार." तिने राघव ठेवलं. सौरवने मान हलवली. त्याचा आता कणा जरासा सरळ झालाय, किती दिवस टिकतो बघू.

राघव आता रडतो. काय रडतो! शेजाऱ्यांनी दोनदा दार वाजवलं. दर दोन तासांनी उठतो, पितो, अर्धं ओकतो. श्रुतीच्या डोळ्यांखाली काळं झालंय, केसांचा बुचडा तीन दिवस सुटलेला नाही. मी रोज दुपारी जाते, त्याला घेते आणि तिला दार लावून झोपायला पाठवते. तुझं ॲप तिने काढून टाकलं. आईला मी आत्या म्हणून चालते की नर्स म्हणून, ते आता ती विचारत नाही, चहा ठेवते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसते.

शेल्याचं विचारशील. मला वाटलं होतं आईने जाळला असेल, निदान धुतला असेल. परवा दिवाणाखालची ट्रंक उघडी होती. घडी घालून ठेवलाय, वर पांढऱ्या शुभ्र नव्या गोळ्या. मी आईकडे वळले. आई म्हणाली, "असू दे. गरिमाच्या वेळी लागेल." तुला अजून सांगितलं नसेल तर मी सांगते, तुझ्यासाठी राखून ठेवलाय.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. मागच्या आठवड्यात राघवच्या कानांची तपासणी झाली. झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा लावतात आणि कानात टकटक आवाज सोडतात. डावा कान व्यवस्थित आहे. उजव्याने उत्तर दिलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्यात घाबरू नका, कधी कानात मळ असतो, कधी बाळ हलतं, पुढच्या महिन्यात पुन्हा करू. "कावीळ से है या नहीं, ये मैं अभी नहीं कह सकती." मी वॉर्डात असताना पालकांना हेच वाक्य सांगत असे, याच आवाजात. ते ऐकायला कसं लागतं ते मला आत्ता कळलं.

बारशाला बायका जमल्या. पाळणा सजवला होता, झेंडूच्या माळा, खाली समई. आईने मला हाक मारली, "सीमंतिनी, ये. आत्या न तू. कान फुंक." मी वाकले. मागून बायका पाठीवर थापट्या मारत होत्या आणि हसत होत्या. मी त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं आणि म्हटलं, राघव. तो दचकला. हात फेकले, ओठ बाहेर काढले आणि भोकाड पसरलं. सगळ्या हसल्या. श्रुती माझ्याकडे बघत होती, ती हसली नाही.

नाव दोन्ही कानांत घ्यायचं असतं. बायका म्हणाल्या, आता दुसऱ्या कानात. मी सरळ झाले आणि म्हटलं, त्याची आणखी एक आत्या आहे, ते तिचं. सगळ्यांना वाटलं मी तुझा मान राखला. आईच्या तर डोळ्यांत पाणी आलं, बहिणी-बहिणी एक झाल्या म्हणून. मान नव्हता तो. माझी हिंमत झाली नाही, आणि का मी एकटीनेच करावं?

तो फोटो तू काढलास, मला कळलं. त्या जागी दुसऱ्या कुणाचं पोर आहे, तसंच गुलाबी.

तर आता ये. कॅमेरा पुण्याला ठेवून ये. दिवसा ये, तो जागा असताना. आईशी बोलायच्या आधी, चहा घ्यायच्या आधी, हात धू आणि त्याच्या उजव्या बाजूला बस. डावा कान श्रुती तळहाताने झाकेल, मी तिला सांगून ठेवलंय. मग वाक, आणि त्याचं नाव घे. ओरडू नको. तुझ्या जाहिरातीत असतं तितक्याच हळुवार घे.

आणि मग वर बघू नको, आमच्याकडे बघू नको. तो वळतो का, ते बघ.

सीमंतिनी